मलबारचा किनारा आणि जग : आंतरविद्याशाखीय अभ्यासाची गरज

(व्याख्यानाचा संपादित भाग)



केरळच्या किनाऱ्यावरील मुझिरिस हे प्राचीन बंदर पाठ्यपुस्तकांत बहुधा ‘रोमन व्यापार’ या शीर्षकाखाली येते. या शब्दयोजनेतच एक गृहीतक दडलेले आहे. जहाजे, भांडवल आणि साहस रोमचे. भारताची केवळ मिरी! हे गृहीतक कितपत टिकते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम पाश्चात्त्य लिखित साधने पाहू. इ.स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात मुझिरिसचा उल्लेख आहे. भारताकडे जाणाऱ्या रोमन संपत्तीबद्दल प्लिनीने तक्रार केली आहे. व्हिएन्ना येथे जतन केलेल्या दुसऱ्या शतकातील पपायरसवर एका बाजूस मुझिरिस व्यापाराशी निगडित कर्जाचा करार, तर दुसऱ्या बाजूस ‘हर्मापोलॉन’ या जहाजातील मालाचे मूल्य नोंदलेले आहे. ही साधने मोलाची आहेत. परंतु ती सर्व खरेदीदाराच्या बाजूची आहेत.

दुसरी बाजू समजण्यासाठी अन्य विद्याशाखांकडे वळावे लागते. सोने आणून मिरी नेणाऱ्या यवनांच्या जहाजांचे वर्णन तमिळ संगम साहित्यात आढळते. इजिप्तमधील बेरेनिके आणि कुसैर अल-कदीम या तांबड्या समुद्रावरील बंदरांत तमिळ-ब्राह्मी लिपीत व्यक्तिनामे कोरलेली खापरे सापडली आहेत. बेरेनिके येथेच भारतीय बनावटीच्या रांजणात सुमारे साडेसात किलो काळी मिरी मिळाली. दक्षिण भारतीय लोक या व्यापारात केवळ विक्रेते नव्हते, ते स्वतः समुद्रापार पोहोचले होते, असे या पुराव्यांवरून दिसते.

हा संबंध रोमबरोबर संपला नाही. इ.स. ८४९ च्या कोल्लम ताम्रपटांद्वारे वेणाडच्या शासकाने तेथील ख्रिस्ती चर्चला अधिकार बहाल केले. त्यावरील साक्षीदारांच्या सह्या कुफी लिपीतील अरबी, पहलवी आणि हिब्रू लिपीतील फारसी भाषेत आहेत. हा एक दस्तऐवज वाचण्यासाठीही अनेक भाषातज्ज्ञांची आवश्यकता भासते.

अर्थात, सावधगिरीही हवी. कोडुंगल्लूरजवळील पट्टणम येथे २००७ पासून झालेल्या उत्खननात रोमन मद्यकुंभांचे तुकडे, मणी आणि लाकडी होडीचे अवशेष मिळाले. तथापि, पट्टणम म्हणजेच मुझिरिस काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. अशा प्रश्नाचा निर्णय एकट्या पुरातत्त्वशास्त्राने होत नाही. पेरियार नदीच्या बदलत्या पात्राचा अभ्यास करणारे भूरूपशास्त्रही तेथे साक्षीस यावे लागते.

आणखी एक उणीव लक्षात घेतली पाहिजे. सावकार, शासक आणि जहाजमालक यांची नावे कागदपत्रांत सापडतात. मिरी पिकविणारे, तोडणारे आणि वाहून नेणारे हात मात्र अनामच राहिले आहेत. त्यांचा इतिहास बीजांचे अवशेष, मातीची भांडी, लोकस्मृती आणि भाषा यांतूनच उभा करावा लागेल.

म्हणून परीक्षार्थींनी उत्तर लिहिताना केवळ बंदरांची यादी देऊ नये. प्रत्येक साधन कोणी, कोठे आणि कशासाठी निर्माण केले, हे विचारावे. त्या प्रश्नानंतर ‘रोमन व्यापार’ हे शीर्षक अपुरे वाटू लागते आणि हिंदी महासागराचा सामायिक इतिहास दिसू लागतो.