पणजीची कबर

घराण्याचा इतिहास शोधायचा म्हटलं की आपल्याकडे कुळवृत्तांत काढतात. त्यात वंशावळ बापाकडून लेकाकडे चालते. बायका असल्याच तर नवऱ्याच्या ओळीत. आम्ही ख्रिस्ती. आमच्याकडे कुळवृत्तांत नाही, पण कबरी आहेत. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी नगर जिल्ह्यातल्या एका गावी पणजीची कबर शोधायला गेले. घरात एवढंच माहीत होतं, की ती १८९९-१९०० च्या दुष्काळात पटकीनं गेली.

दफनभूमीत घाणेरी माजलेली. दगड सापडला, पण अक्षरं शेवाळानं भरलेली. भाच्यानं तारेचा ब्रश काढला, तो मी परत ठेवायला लावला. (तुम्हीही हे ध्यानात ठेवा. तारेचा ब्रश, लिंबू, ॲसिड यांनी दगडच झिजतो. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. वाचायचं ते सकाळच्या तिरप्या उन्हात, तेव्हा खोदलेल्या अक्षरांत सावली धरते.) वाचलं ते असं: अमुक मास्तर यांची प्रिय पत्नी, वय २४, मृत्यू ९ नोव्हेंबर १८९९. मास्तरांचं नाव आडनावासकट, हुद्द्यासकट. तिचं नावच नाही.

पण मी अडले ती तारखेवर. माझ्या आजोबांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९९ चा. म्हणजे ती पाच दिवसांची बाळंतीण होती. पटकी कसली, बाळंतरोगच असणार! हात नीट धुतले तर बाळंतिणी वाचतात, हे व्हिएन्नात सेमेलवाइसनं १८४७ सालीच दाखवलं होतं. आजोबांचा वाढदिवस घरात कधी झाला नाही. आम्हांला तो त्यांचा साधेपणा वाटायचा.

आत्याला फोन केला. ती एक्क्याण्णव वर्षांची आहे. बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "दादांना लहानपणी कुणीतरी म्हणालं होतं, आईला खाऊन आलास. तेव्हापासून घरात पटकी म्हणायचं ठरलं."

नाव आत्यालाही ठाऊक नाही. बाप्तिस्म्याच्या वहीतलं ते वर्ष वाळवीनं खाल्लंय. दफनाच्या वहीत नोंद आहे: 'मास्तरांचे कुटुंब'.

आता उरली लग्नाची नोंदवही. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे त्या नोंदींच्या प्रती सरकारकडेही जात. त्यात वधूचं नाव येतंच. तिच्या बापाचंही येतं. आईचं विचारलेलंच नाही. (१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं असा नियम आपल्या राज्यात झाला, तो किती उशिरा, ते यावरून बघा.) त्याच नोंदीखाली वधूची सही असते. नगरकडे मुलींच्या शाळा तिच्या जन्माआधीच, सिंथिया फॅरारबाईंच्या काळात निघाल्या होत्या. पणजी शाळेत गेली असेल तर सही मिळेल, नाहीतर फुली किंवा अंगठा. पुढच्या महिन्यात बघायला जाते आहे. आत्यानं बजावलंय, काय असेल ते आधी मला सांग.