लेकीला वैमानिक व्हायचंय? आधी वही उघडू या



बचत गटांच्या कामासाठी आम्ही गावोगाव फिरतो, तेव्हा बारावीनंतर पुढं काय, हा विषय बैठकीत हमखास निघतो. नर्सिंग, डी. फार्मसी, पोलीस भरती ही विचारणा नेहमीची. आता त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. "ताई, पोरगी पायलट व्हायचं म्हणतीय. पगार लाखांत असतो म्हणे. जमीन तारण ठेवून कर्ज काढावं का?"

पोरीनं असं स्वप्न बघावं, याचा आम्हाला आनंदच आहे. पण प्रश्न जमिनीचा आहे, म्हणून आज आपण गटाची वही उघडतो तशी या धंद्याची वही उघडून बघू.

पहिली गोष्ट, हे काम बायकांचं आहे का? आहे. 1936 साली सरला ठकराल यांनी साडी नेसून विमान चालवलं आणि परवाना मिळवला. 1985 साली आपल्या मराठी सौदामिनी देशमुख कॅप्टन होत्या आणि त्यांच्या विमानातल्या सगळ्या कर्मचारी बायकाच होत्या. ते विमान कलकत्त्याहून सिलचरला गेलं, म्हणजे मोठ्या शहरातून लहान गावाला जाणारंच विमान होतं. आज भारतात शंभर वैमानिकांत बारा-पंधरा बायका आहेत. जगाची सरासरी पाचच्या आसपास आहे. त्यामुळं "मुलीच्या जातीला हे कशाला" असं कुणी म्हणालं, तर त्याला हे आकडे सांगा.

आता लहान विमानांकडं येऊ. केंद्र सरकारनं 2016 साली 'उडान' योजना आणली. लहान शहरांना विमानानं जोडायचं आणि तिकीट आवाक्यात ठेवायचं, असा तिचा हेतू. नांदेड, जळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्ग इथली विमानसेवा आपण ऐकून आहोत. या मार्गांवर बरेचदा पंख्याची, साधारण सत्तर जागांची विमानं असतात. त्यात दोन वैमानिक बसतात, एक कॅप्टन आणि एक सहवैमानिक. नव्या मुलीला सुरुवात सहवैमानिक म्हणूनच करावी लागते.

पगार दोन भागांत असतो. एक ठरलेला भाग आणि दुसरा उडवलेल्या तासांवर मिळणारा. लहान विमानावरच्या नव्या सहवैमानिकाला महिन्याला साधारण एक ते दोन लाख रुपये मिळतात. कॅप्टन झाल्यावर तीन लाखांच्या पुढं जातात, मोठ्या जेट विमानाच्या कॅप्टनला त्याहून जास्त. विमानं कमी उडाली की तासांचे पैसेही कमी होतात. वर्षाला 1000 तासांपेक्षा जास्त उडवता येत नाही, असा नियम आहे. दरवर्षी वैद्यकीय तपासणी असते. तिच्यात काही दोष निघाला तर उड्डाण थांबतं आणि कमाईलाही धक्का बसतो.

आता खर्चाचं पान. परवान्यासाठी 200 तास विमान चालवावं लागतं. शिक्षण, राहणं-खाणं धरून खर्च 50 लाखांच्या आसपास जातो, कधी त्याच्याही वर. एवढ्यावर नोकरी लागत नाही. कंपनीकडं ज्या जातीचं विमान आहे, त्याचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्याला टाइप रेटिंग म्हणतात. त्याचे आणखी दहा-वीस लाख. काही कंपन्या हा खर्च करतात, पण त्याबदल्यात काही वर्षं नोकरी न सोडण्याचा करार लिहून घेतात.

समजा 50 लाखांचं कर्ज 11 टक्के व्याजानं दहा वर्षांसाठी घेतलं. महिन्याचा हप्ता जवळपास 69 हजार रुपये येतो. दीड लाख पगारात हा हप्ता भरता येईल. पण नोकरीच लागली नाही तर? नुसतं व्याजच महिन्याला सुमारे 46 हजार होतं. साडेसात लाखांवरच्या शिक्षण कर्जाला बँका सहसा तारण मागतात. आपल्याकडं तारण म्हणजे घर नाहीतर जमीन.

नोकरी लागेल का, यावर सगळं अडतं. येत्या पंधरा-वीस वर्षांत देशाला 30 हजार वैमानिक लागतील, असं केंद्रीय मंत्री सांगतात. ते खरं मानलं, तरी त्यातली मेख समजून घ्या. कंपन्यांना टंचाई भासते ती मुख्यतः कॅप्टनची. कॅप्टन व्हायला मोठा परवाना लागतो आणि त्याला 1500 तास उडवल्याचा अनुभव लागतो. नुकतीच शिकून आलेली मुलगी 200 तास घेऊन उभी असते. तिच्यासारखे रांगेत बरेच असतात. त्यामुळं परवाना हातात आहे आणि वर्ष-दोन वर्षं काम नाही, असं घडतं.

दुसरं म्हणजे कंपन्या बंद पडतात. जेट एअरवेज 2019 साली थांबली. नांदेड, जळगावला येणारी ट्रूजेट 2022 साली थांबली. गो फर्स्ट 2023 साली. अशी कंपनी बंद झाली की अनुभवी वैमानिक एकदम बाजारात येतात आणि नव्या मुलांची रांग आणखी मागं सरकते. सरकारी मदतीवर चालणारा मार्ग मदत संपल्यावर टिकेलच, असंही नसतं.

मग मुलीला नाही म्हणायचं का? आमचं म्हणणं तसं नाही. आमचं म्हणणं एवढंच, की कमी खर्चाच्या पायऱ्या आधी चढा आणि मोठा पैसा शेवटी काढा.

पहिली पायरी म्हणजे बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. दुसऱ्या शाखेची मुलगी असेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हे दोन विषय देता येतात.

दुसरी पायरी वैद्यकीय तपासणीची. आधी क्लास टू आणि मग क्लास वन. ती नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीएनं नेमलेल्या डॉक्टरांकडंच होते. खर्च काही हजारांचा. चष्मा असला म्हणून मुलगी बाद होत नाही, पण रंग ओळखण्यात दोष असेल तर अडचण येते. कुठंही फी भरण्याआधी ही तपासणी करा. लाखो रुपये भरल्यावर दोष कळला, तर रडून उपयोग नाही.

तिसरी पायरी लेखी परीक्षांची. हवामान, दिशा आणि मार्ग, नियम, विमानाची तांत्रिक माहिती असे विषय असतात, आणि पास व्हायला 70 टक्के गुण लागतात. घरी अभ्यास करूनही त्या देता येतात. मुलीनं त्या आधी पास केल्या, तर तिची तयारी तिला आणि आपल्यालाही कळते. रेडिओवरचं बोलणं इंग्रजीत असतं, म्हणून इंग्रजी बोलायचा सराव आजपासून हवा. मराठी शाळेत शिकली म्हणून तिनं घाबरू नये.

चौथी पायरी संस्थेची. आपल्या राज्यात गोंदिया, बारामती, धुळे इथं विमान चालवायला शिकवतात. संस्थेला मान्यता आहे का, हे डीजीसीएच्या यादीत बघा. तिथं संस्थांची प्रतवारीही असते. तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा की 200 तास पूर्ण व्हायला किती महिने लागले आणि कितीजणांना नोकरी लागली. "नोकरीची शंभर टक्के हमी" म्हणणाऱ्याला हमी कागदावर मागा. सगळी फी एकरकमी भरू नका, टप्प्यानं भरा आणि प्रत्येक वेळी पावती घ्या.

पाचवी पायरी मदतीची. नागपूरच्या महाज्योती संस्थेनं इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलामुलींसाठी वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. नवी जाहिरात आली का, ते बघत राहा. समाजकल्याण आणि आदिवासी विकास कार्यालयातही चौकशी करा.

एवढं करून कर्ज काढायचं ठरलं, तर दोन वर्षं नोकरी नसताना व्याज कोण भरेल, याचं उत्तर घरातल्या सगळ्यांनी मिळून आधी लिहून ठेवा. उत्तर नसेल, तर पोट भरणारी जमीन अडकवू नका. गटाचा पैसाही यात घालू नका. तो दहाजणींच्या घामाचा आहे.

आणि विमानाचं जग म्हणजे एकटा वैमानिक नव्हे. विमान दुरुस्त करणारे इंजिनिअर असतात, त्यांचं शिक्षण यापेक्षा बरंच स्वस्त पडतं. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलीला भारतीय विमानतळ प्राधिकरणाची हवाई वाहतूक नियंत्रकाची परीक्षा देता येते. ती सरकारी नोकरी आहे.

येत्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. ज्या घरात अशी मुलगी आहे, तिलाही बैठकीला बोलवा आणि आकडे फळ्यावर तिच्याच हातानं मांडायला लावा. ज्या मुलीला स्वतःच्या कर्जाचा हिशोब येतो, ती पुढं काहीही झाली तरी फसत नाही.