पिल्लं मलूल, पण अंगावर किडा दिसत नाही

गावाहून आईचा फोन आला की हल्ली कोंबड्यांचा विषय असतोच. दोन महिन्यांची पिल्लं, खाणं चालू, तरी तुरा फिका, आणि संध्याकाळी खुराड्यात शिरायला तयार नाहीत. दिवसा पिसं उलटून बघितली तर काहीच नाही. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, बग दिवसा रिप्रोड्यूसच होत नाही!

कारण लाल माइट हा किडा दिवसा खुराड्याच्या फटीत आणि बसायच्या दांडीखाली दडून असतो. रात्री रक्त प्यायला बाहेर येतो. म्हणून रात्री मोबाईलचा टॉर्च घेऊन जा. दांडीच्या खालून पांढरा कागद दाबून फिरवा. लाल डाग उमटले की समजायचं. पिल्लांच्या अंगात रक्तच थोडं, ती यात मरतातसुद्धा.

त्यामुळे नुसती पिल्लं साफ करून भागत नाही. खुराडं रिकामं करा, खालचं तूस जाळा, फटी खरवडून उकळतं पाणी ओता. वाळलं की चुना मारा. आठवड्याने पुन्हा हेच, कारण अंडी वाचतात आणि उबदार हवेत 7 ते 10 दिवसांत नवी पिढी तयार. खुराडं बंद ठेवून उपाशी मारू म्हणाल, तर हा किडा उपाशी कित्येक महिने काढतो.

अंगावरचं औषध पशुवैद्यकांना पिल्लाचं वय सांगूनच घ्या. गोठ्यातलं गोचिडाचं औषध अंदाजाने नको, रॉकेल तर नकोच. आणि बाजारातून आणलेली कोंबडी आधी दोन आठवडे वेगळी बांधा.