अर्धवट राहिलेलं शिक्षण
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बाबासाहेबांचं विलायतेतलं शिक्षण आपण अभिमानानं सांगतो, पण मधली तीन वर्षं फारसं कुणी सांगत नाही. 1917 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. पुस्तकं दुसऱ्या बोटीनं पाठवली होती. महायुद्धात ती बोटच बुडाली. मात्र निघण्यापूर्वी त्यांनी एक काम करून ठेवलं होतं. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करीन, अशी विद्यापीठाची परवानगी घेतली होती! आम्हाला सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. मग बडोद्याची नोकरी, तिथला अपमान, मुंबईत शिकवण्या. 1918 पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी. पगारातून पैसा मागे टाकला, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतले आणि 1920 मध्ये, मुदतीच्या आत, पुन्हा लंडन गाठलं. पुढे डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी सुधारून मागितला, तोही दिला. 1923 मध्ये पदवी मिळाली. त्या काळात रमाईनं घर कसं चालवलं, हे इथल्या माताभगिनींना आम्ही काय सांगावं?

आपल्या अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार घ्या. जन्म 1935 चा. पोटापाण्याची नोकरी सांभाळून लिहीत राहिले. 'बलुतं' 1978 साली आलं, तेव्हा चाळिशी उलटलेली होती.

आता आपल्या घरातलं बोलू. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या ऊसतोडीला निघतात. दहावीची परीक्षा येते तेव्हा हंगाम संपलेला नसतो. पोरगी आईबरोबर फडावर जाते, धाकट्याला सांभाळते, आणि शाळा सुटते ती सुटतेच. पुढच्या वर्षी आपणच म्हणतो, आता वय झालं, लग्नाचं बघू. उचल घेताना मुकादमाशी तारीख ठरते. पोरीच्या परीक्षेची तारीख मात्र घरात कुणी ठरवत नाही.

शाळेतून नाव कमी झालं तरी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बाहेरून बसता येतं. पुढं नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहेच. फॉर्मची मुदत दर वर्षी जाहीर होते आणि ती चुकली की वर्ष जातं. म्हणून टोळी निघण्याआधीच शाळा सोडल्याचा दाखला आणि आधारकार्ड घेऊन या. संध्याकाळच्या वंदनेनंतर आम्ही विहारातच असतो, बसून फॉर्म भरू.

जयभीम! नमो बुद्धाय!