नाही म्हणताना कारणही सांगा



न्यू जर्सीत गेलो त्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या संध्याकाळी, मी दारावरचा दिवा बंद केला. तिथे दिवा बंद दिसला की मुलं खाऊ मागायला थांबत नाहीत. ‘हे आपलं नाही,’ एवढंच मुलीला सांगितलं. सोंगं घेतलेली मुलं पुढे निघून गेली. ‘अब्बा, त्यांना वाटलं आपण घरातच नाही,’ ती म्हणाली. मला उत्तर सुचलं नाही.

मग वाचलं. आयर्लंडमधला सुगी संपतानाचा जुना सण, त्याला ख्रिस्ती संतांच्या दिवसाची जोड. आयरिश लोक अमेरिकेत आले आणि सलगमऐवजी भोपळा कोरू लागले. तिच्या अम्मीचं समाधान झालं नाही. रक्ताळलेले मुखवटे घरात नकोत, हे तिचं म्हणणं मलाही पटलं.

पुढच्या वर्षी दिवा लावला. मुलगी अंतराळवीर झाली. जिलेटिन अनेकदा डुकरापासून बनतं, हे तिला समजावलं होतं. रात्री तिनेच वेष्टणं वाचली आणि तशा गोळ्या न कुरकुरता बाजूला काढल्या.

मुलांना जरूर नाही म्हणा. पण त्यांना स्वतः तपासता येईल असं कारण द्या.

ईदला आम्ही त्याच दारांवर शिरखुर्मा घेऊन गेलो.