शुक्राची हवा, आपली चुनखडी



18 ऑक्टोबर 1967 रोजी सोव्हिएत संघाचं व्हेनेरा-4 हे यान शुक्राच्या वातावरणात शिरलं. पॅराशूटच्या आधाराने खाली येता येता त्याने तिथली हवा तपासली आणि निष्कर्ष पृथ्वीकडे धाडले. परक्या ग्रहाची हवा तिथे जाऊन तपासण्याची ही पहिलीच वेळ. ती जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडची निघाली. आज आकडा ठाऊक आहे : सुमारे 96.5 टक्के. जमिनीलगत दाब आपल्या नव्वद पट, तापमान 460 अंश सेल्सिअसच्या आसपास. शिसं तिथे वितळून वाहील. मंगळावरही हाच वायू 95 टक्के, पण ती हवा फारच विरळ.

आणि या दोघांच्या मधोमध आपण. 78 टक्के नायट्रोजन, 21 टक्के ऑक्सिजन, जेमतेम एक टक्का आरगॉन. कार्बन डायऑक्साइड मात्र 0.04 टक्का! शुक्र आणि पृथ्वी आकाराने जवळपास सारखे. मग आपल्या वाट्याचा तो वायू गेला कुठे? ग्रहांच्या अभ्यासात मला याहून मोलाचा प्रश्न दिसत नाही.

तो गेला दगडात. पाऊस पडताना हा वायू पाण्यात विरघळतो, पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि खडक झिजवू लागतं. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट तर ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजतो. खडकातलं कॅल्शियम नद्यांमधून समुद्रात जातं. तिथे शंखशिंपल्यांची कवचं घडतात, तळाशी साचतात, त्यांची चुनखडी होते. शिंपले जन्माला येण्यापूर्वीही समुद्राच्या पाण्यातून चुनखडीचे थर साचतच होते. शुक्राच्या हवेत आज जेवढा कार्बन आहे, साधारण तेवढाच आपल्या खडकांत बंद आहे, असं शास्त्रज्ञ मानतात. शुक्रावर पाणी टिकलं नाही. सूर्याच्या अतिनील किरणांनी वाफ फुटली, हायड्रोजन अवकाशात निसटला आणि कार्बन डायऑक्साइड हवेतच राहिला.

आपल्याकडे ज्वालामुखी खडकांत बंद झालेला थोडा वायू परत हवेत सोडतात. आता माणूसही सोडतो. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा-कोरपना भागातली चुनखडी सिमेंटच्या भट्ट्यांत जाते. शुद्ध चुनखडी शंभर किलो भाजली, की छप्पन्न किलो चुना हाती येतो. उरलेले चव्वेचाळीस किलो म्हणजे तोच कार्बन डायऑक्साइड. तो धुराड्यातून हवेत जातो. इंधनाचा धूर वेगळाच.