ओल्या अंथरुणाचा हिशेब



आज ज्या दुखण्याविषयी बोलायचं आहे, त्याचं नाव चारचौघांत कुणी घेत नाही. मोठ्या माणसाला झोपेत, अंथरुणातच लघवी होणं. लहान मुलाचं झालं तर आपण हसून सोडून देतो. पण पंचविशीतला मुलगा, चाळिशीतली बाई किंवा सत्तरीतले आजोबा यांच्या वाट्याला हे आलं, की घरात कुजबुज सुरू होते आणि उजाडायच्या आत वाकळ धुऊन दोरीवर जाते.

मग माणूस मुक्कामच टाळायला लागतो. जोतिबाच्या यात्रेला जायचं नाही, पाहुण्यांकडं राहायचं नाही. शिरोलीच्या कारखान्यात काम मिळत असलं, तरी चौघांच्या खोलीत झोपायचं कसं, म्हणून नको म्हणायचं. लग्नाचा विषय निघाला की पुढं ढकलायचं. दुखणं रात्रीचं, पण ते दिवसाचं जगणंही आखडून टाकतं.

त्यात आरोग्य विमा नसला, की आणखी एक भीती मनात बसते. दवाखान्याची पायरी चढलो तर किती हजारांना पडेल? त्यापेक्षा सोसलेलं बरं. आज मला नेमकं याच्या उलट सांगायचं आहे. ज्याच्याकडं विमा नाही, त्याला हे दुखणं लपवणं सगळ्यांत महागात पडतं.

साधा हिशेब करू या. रोज रात्री एक मोठ्यांचा डायपर वापरला आणि त्याला ३० रुपये धरले, तर महिन्याला ९०० रुपये होतात, वर्षाला जवळजवळ ११ हजार. शिवाय कुणी ताईत देतं, कुणी पुडी देतं, त्याचा खर्च वेगळा. आणि एवढं करून दुखणं का झालं, हे कळत नाही ते नाहीच. याउलट लघवीची तपासणी आणि रक्तातली साखर खासगी प्रयोगशाळेतही काहीशे रुपयांत होते.

आता हे होतं कशामुळे? दोन प्रकार लक्षात ठेवा. पहिला प्रकार लहानपणापासून चालत आलेला. पाच वर्षांच्या शंभर मुलांमध्ये साधारण पंधरा मुलं अंथरूण ओलं करतात. वय वाढेल तशी बहुतेकांची सवय सुटते, पण शंभरात एखाद्याची मोठेपणीही सुटत नाही. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदूतून एक संप्रेरक स्रवतं, ते काहींच्यात कमी पडतं. काहींची लघवीची पिशवी लहान असते, काहींना ती भरल्याची जाग येत नाही. आईला किंवा वडिलांना हा त्रास असला, तर मुलांमध्ये तो जास्त दिसतो. यात आळस नाही, वाईट सवय नाही, कुणाचा शाप तर मुळीच नाही.

दुसरा प्रकार जास्त सावध करणारा. वर्षानुवर्षं कोरडं राहिलेलं अंथरूण अचानक ओलं व्हायला लागतं. इथं शरीर काहीतरी सांगत असतं. फार तहान लागते, वजन उतरतं, तर मधुमेह असू शकतो. जळजळ आणि ताप असेल तर जंतुसंसर्ग. मोठ्यानं घोरणं आणि दिवसा पेंग येणं असेल, तर झोपेत श्वास अडकण्याचा विकार. सकाळी जीभ चावलेली आणि अंग ठेचल्यासारखं वाटत असेल, तर झोपेत फिट येऊन गेलेली असू शकते. झोपेच्या गोळ्या, काही मानसिक आजारांवरची औषधं, दारू आणि जुनाट बद्धकोष्ठ यांनीही असं होतं.

वयस्कर पुरुषांबद्दल थोडं जास्त बोलतो. प्रोस्टेटची गाठ वाढली की लघवीची धार बारीक होते, पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. ती सतत तुडुंब राहते आणि रात्री स्नायू सैल पडले की उतू जाते. घरच्यांना वाटतं, म्हातारपण आलं. ते डायपर आणून देतात. पण आत तुंबलेल्या लघवीचा दाब मूत्रपिंडापर्यंत पोचतो आणि हळूहळू मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात. वेळेत सोनोग्राफी झाली असती तर गाठीवर इलाज झाला असता. उशीर झाला, तर गोष्ट डायलिसिसपर्यंत जाते. लपवण्याची खरी किंमत ही.

तेव्हा डॉक्टरांकडं जाताना तयारीनं जा. तीन दिवस एका वहीत लिहा: काय प्यालो, किती वाजता, लघवी किती वेळा आणि किती झाली. मोजायला खुणा असलेलं प्लॅस्टिकचं भांडं पुरतं. घेत असलेली सगळी औषधं बरोबर न्या. सुरुवातीला लघवी, साखर, क्रिएटिनिन आणि लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते हे पाहणारी सोनोग्राफी, एवढ्यावर बऱ्याच गोष्टी उलगडतात. मात्र पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी पूर्ण अडली, तर वही लिहीत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जायचं कुठं? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले आहेत. म्हणजे गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, गडहिंग्लजसारखं उपजिल्हा रुग्णालय. कोल्हापूर शहरातलं आपलं सीपीआर वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे, तिथले दरही सरकारीच. रांग लागते, वेळ जातो, पण खिसा रिकामा होत नाही.

शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. पूर्वी ती मुख्यतः पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवाल्यांसाठी होती. २०२३ मध्ये शासनानं ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली करण्याचा आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय घेतला. पण ही योजना यादीतल्या उपचारांसाठी, नोंदलेल्या रुग्णालयातच लागू होते. बाहेरून घेतलेल्या रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यात धरू नका. भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटून विचारा.

कारखान्यात काम करणाऱ्यांनी आपली पगाराची चिठ्ठी एकदा नीट बघावी. ईएसआयची कपात होत असेल, तर विमा नाही असं म्हणूच नका. त्यात बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधंही येतात, घरच्यांनाही लाभ मिळतो. ज्यांना औषधं विकतच घ्यावी लागतात, त्यांनी जनऔषधी केंद्रात चौकशी करावी. एक इशारा मात्र देतो. रात्रीची लघवी कमी करणारं डेस्मोप्रेसिन नावाचं औषध आहे. ते कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. त्यानं रक्तातलं सोडियम उतरू शकतं, आणि वयस्कर माणसांना तो धोका जास्त.

घरी करण्यासारखंही पुष्कळ आहे. पाणी तोडू नका. उन्हात राबणाऱ्यानं पाणी तोडलं तर जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठ वाढतो. पाणी दिवसा भरपूर, संध्याकाळनंतर बेतानं. रात्रीचा चहा आणि दारू बंद. तांबडा-पांढरा रस्सा आपला जीव की प्राण, पण रात्री उशिरा वाट्यांवर वाट्या रिचवल्या, तर ते मीठ आणि पाणी रात्रीच बाहेर पडायला बघणार. तो बेत दुपारी करा. दिवसभर मागावर किंवा भट्टीपुढं उभं राहून ज्यांचे पाय सुजतात, त्यांनी संध्याकाळी तासभर पाय उशीवर ठेवून पडावं. म्हणजे पायात साठलेलं पाणी झोपण्याआधी निघून जातं. गादीवर रबरी कापड, त्यावर जुन्या सुती लुगड्याची घडी. सकाळी अंग धुऊन कोरडं करावं, म्हणजे कातडी सोलत नाही.

शेवटचं सांगणं घरातल्यांना. नवी सून असो, तरुण मुलगा असो की सासूबाई असोत, चेष्टा करू नका, ओरडू नका. स्वतः बोलायला धीर होत नसेल, तर आशाताईंना गाठा, त्या आरोग्य केंद्राची वाट दाखवतील. डॉक्टरांपुढं एवढंच वाक्य म्हणा: "रात्री झोपेत लघवी होते." त्यांनी ते याआधी अनेकदा ऐकलेलं असतं. म्हणायला अवघड आहे, मान्य. पण त्या वाक्याला पैसे पडत नाहीत, आणि पुढचे पुष्कळ पैसे त्यानंच वाचतात.